गडद सुती टी-शर्टवर सब्लिमेशनची छपाई का टिकत नाही?

प्रश्न (ऐरोली)
नमस्कार. माझ्याकडे सब्लिमेशन प्रिंटर (ज्याची शाई उष्णतेने कापडात उतरवतात) आणि सपाट हीट प्रेस (गरम पाट्याने छाप कापडावर दाबणारे यंत्र) असून पांढऱ्या पॉलिस्टर जर्सींची कामे मी नियमित घेते. आता ठाण्यातील एका गोविंदा पथकाने दहीहंडीसाठी गडद निळे सुती टी-शर्ट मागितले असून पाठीवर मोठे रंगीत बोधचिन्ह हवे आहे. पांढऱ्या सुती कापडावर 200 अंश सेल्सिअसला 50 सेकंद दाबून नमुना काढला, तर चित्र फिकट उमटले आणि पहिल्याच धुण्यात जवळजवळ निघून गेले. तापमान वाढवावे, की पद्धतच बदलावी?

उत्तर (वागळे इस्टेट, ठाणे)
ताई, तापमान वाढवू नका. कापड पिवळे पडेल, रंग मात्र टिकणार नाही. सब्लिमेशनचा रंग साधारण 190 ते 200 अंशांना वायुरूप होऊन पॉलिस्टरच्या तंतूत शिरतो आणि कापड थंड झाले की तिथेच अडकून बसतो. सुती तंतू त्याला असा धरून ठेवत नाही. शिवाय ही शाई पारदर्शक असते व तिच्यात पांढरा रंग नसतो, त्यामुळे गडद निळ्यावर ती दिसणारच नाही. आपल्या कामाला डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) ही पद्धत योग्य आहे. त्यात फिल्मवर आधी रंगीत आणि त्यावर पांढरी शाई छापतात, ओल्या शाईवर चिकटणारी पावडर टाकून ती तापवून वितळवतात आणि मग फिल्म कापडावर दाबतात. त्यासाठी वेगळा प्रिंटर घेण्याची गरज नाही. मीटरच्या भावाने फिल्म छापून मिळते आणि दाबायला आपली प्रेस पुरते. बहुतेक फिल्मला 150 ते 160 अंश आणि 10 ते 15 सेकंद लागतात. फिल्म गरम असताना सोलायची की थंड झाल्यावर, हे मात्र विकणाऱ्याला विचारूनच ठरवा. सोलल्यानंतर वर बटर पेपर ठेवून पुन्हा काही सेकंद दाबले, की कडा नीट बसतात.

उत्तर (कोपरखैरणे)
वरील माहितीशी सहमत आहे. आपल्याकडे दहीहंडी ऐन पावसाळ्यात येते आणि त्या हवेत सुती कापड ओलावा धरते, म्हणून फिल्म ठेवण्यापूर्वी टी-शर्ट पाच-सात सेकंद नुसताच दाबून वाफ जाऊ द्यावी. प्रेसच्या चारही कोपऱ्यांचे तापमानही तपासावे, कारण मध्यभागी 155 दाखवणारी प्रेस कडेला बरीच थंड असू शकते आणि मोठ्या छापाचा नेमका तोच कोपरा पुढे सुटतो. पथक ऐनवेळी रंगीत पॉलिस्टरवर आले, तर आणखी जपावे लागेल. उष्णतेने त्या कापडाचाच रंग वर येऊन पांढऱ्या शाईवर निळसर झाक चढते.

उत्तर (कळवा)
मला छापाच्या जागेची अधिक काळजी वाटते. थर लावताना वरचा गोविंदा खालच्याच्या खांद्यावर उभा राहतो आणि अंगावर सतत पाणी पडत असते. डीटीएफचा सलग थर ओला झाल्यावर कापडापेक्षा गुळगुळीत लागतो, त्यामुळे खांद्यांवर आणि मानेखालच्या पट्ट्यात काहीही छापू नका. बोधचिन्ह आकाराने कमी करून पाठीच्या मध्याखाली घ्या. सलग रंगाचा मोठा चौकोन घाम कोंडतो, म्हणून चित्रात जिथे शक्य असेल तिथे मोकळी जागा सोडून कापडाचाच निळा रंग दिसू द्यावा. शक्य असल्यास एक टी-शर्ट सरावाला देऊन पाहावा आणि दुसरा छपाईनंतर एक दिवस थांबून, उलटा करून गार पाण्यात धुऊन पाहावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे मनापासून आभार. खांद्याचा मुद्दा पथकप्रमुखांना आजच कळवते, आणि डीटीएफचे दोन नमुने तयार झाल्यावरच पुढील काम हाती घेते.