कोळी, साप, इग्वाना आणि आपली भीती: तुमचे अनुभव लिहा

वर्तकनगर, ठाणे (धागा सुरू करताना)

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. जिन्यातल्या भिंतीवर तळहाताएवढा कोळी, आणि खाली लगेच सूचना: "टॅरंटुला आहे, मुलांना बाहेर सोडू नका", "पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा". येऊरचं जंगल इतकं जवळ असताना घरात असे जीव येणारच. शिवाय आता कुणाच्या घरी काचेच्या पेटीत इग्वाना नावाचा मोठा सरडा असतो, कुणाकडे बॉल पायथन जातीचा अजगर, आणि त्यांच्याबद्दलही लिफ्टमध्ये काय काय ऐकायला मिळतं. म्हणून हा धागा. स्वतः पाहिलेलं, घरात घडलेलं लिहा. फॉरवर्ड आलेलं नको.

सुरुवात मी करते. जिन्यातला तो कोळी टॅरंटुला नव्हता, हंट्समन होता. चपटं तपकिरी अंग, बाजूंना पसरलेले लांब पाय, तोंडाशी फिकट पट्टा. हा भक्ष्यासाठी जाळं विणत नाही, रात्री भिंतींवर फिरून झुरळं धरतो. मादी दिसली तर नीट बघा, पोटाखाली पांढरी, चपटी, नाण्याएवढी अंड्यांची पिशवी धरून ती चालते. हाताखाली चिरडला गेला तर चावेल, दुखेल, थोडी सूज येईल आणि उतरेल. मी त्याच्यावर हलकेच डबा उपडा घालते, खालून जुनी लग्नपत्रिका सरकवते आणि बागेत नेऊन सोडते. चप्पल उचलण्यापेक्षा हे सोपं आहे, कारण चप्पल उचलेपर्यंत तो कपाटामागे पळालेला असतो.

ऐरोली, त्वचारोगाच्या ओपीडीतली परिचारिका

ताई, तुम्ही विषय काढलात तर मला एक गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे "कोळी मुतला" हे वाक्य सारखं कानावर येतं. मानेवर किंवा दंडावर लाल पट्टा, त्यात बारीक फोड, आग आग. कोळी असं काही करत नाही. बहुतेक वेळा हे काम पेडेरस नावाच्या एका बारीक किड्याचं असतं. तो मुंगीपेक्षा थोडा लांब, नारिंगी आणि काळा, पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती जमतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. आपण झोपेत त्याला अंगावर चिरडतो आणि त्याच्या शरीरातलं पेडेरिन कातडीला लागतं. त्रास लगेच होत नाही, दुसऱ्या दिवशी दिसतो, म्हणून किडा कुणाच्या लक्षातच येत नाही आणि कोपऱ्यातल्या जाळ्यातल्या कोळ्यावर आळ येतो. एका मुलाच्या कोपराच्या खोबणीत फोड होते आणि हात दुमडला की बरोबर समोरासमोर दुसरा तसाच पट्टा. ही पेडेरसची अगदी ओळखीची खूण. किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

दुसरा प्रकार जास्त गंभीर. शेजारच्या इमारतीतल्या एक मावशी छातीपासून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा घेऊन आल्या. पट्टा एकाच बाजूला होता. घरच्यांनी कोळ्याचं म्हणून गेरू आणि तांदळाच्या पिठाचा लेप लावला होता, मग कुणीतरी नागीण आहे म्हणाल्यावर उतरवणाऱ्याकडे नेलं होतं. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, या भीतीने मावशी रात्र रात्र जागल्या होत्या. नागीण हा विषाणूचा आजार आहे. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि पुढे कधीतरी त्याच मज्जातंतूच्या रेषेत उठतो. म्हणून तो अर्ध्या अंगावर थांबतो. पट्टा कंबरेभोवती पूर्ण झाला म्हणून कुणी मरत नाही. पण औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर त्याचा उपयोग सगळ्यात जास्त. मावशींचे ते तास लेपात गेले, आणि फोड सुकून कितीतरी काळ लोटला तरी त्यांना त्या जागी साडीचा पदर टेकलेला सहन होत नव्हता. डोळ्याजवळ किंवा कपाळावर असे फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

घणसोली, मेक्सिकन रेड-नी टॅरंटुला पाळणारा

माझ्याकडे मादी आहे. ओळखीतले लोक पहिल्यांदा हेच विचारतात की चावली तर माणूस मरतो का. टॅरंटुलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. काही जातींचा चावा खूप दुखतो, स्नायूंत गोळे येतात, पण माझी तशी नाही. अमेरिका खंडातल्या बऱ्याच टॅरंटुलांसारखी ती घाबरली की मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस झाडते. ते कातडीला लागले की खाज सुटते, डोळ्यात गेले तर डॉक्टरच गाठावा लागतो. म्हणून पेटी साफ करताना मी चष्मा लावतो आणि हातावर घेऊन फोटो काढत नाही. त्यात तिलाही धोका आहे. कमरेएवढ्या उंचीवरून पडली तरी पोट फुटून मरू शकते. लोकांना वाटतं ती अंगावर झेप घेईल. ती दिवसचे दिवस एका जागेवरून हलत नाही.

एकदा सकाळी आजीने हाक मारली, "अरे, तुझी ती गेली बघ." ती पाठीवर पडली होती, आठही पाय वर. आजीने देवापुढे दिवा लावायची तयारी केली. मी आजीला खुर्ची दिली आणि बघत बस म्हणालो. आधी पाठीकडचं कवच झाकणासारखं सुटलं. मग एकेक पाय जुन्या कातडीतून बाहेर यायला लागला, हातमोज्यातून बोट ओढून काढावं तसा. दुपारपर्यंत बाजूला एक अख्खा रिकामा कोळी पडलेला, आणि त्याच्याशेजारी ओली, गडद, गुडघ्यांवर झळझळीत केशरी रंगाची ती. नव्या दातांचा रंग पांढरा होता, काळे व्हायला काही दिवस लागले. तोवर तिला खायला द्यायचं नाही आणि पेटीला धक्का लावायचा नाही. मरून उताणी पडली समजून कचऱ्यात टाकलेल्या टॅरंटुलाबद्दल मी ऐकलं आहे, म्हणून सांगतो. मरणारा टॅरंटुला सहसा पाय पोटाखाली घेतो. पाठीवर पडला असेल तर तो कात टाकतोय, त्याला हात लावू नका.

विकत घेणाऱ्यांसाठी एक सांगतो. ही जात साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कागद न देता कुरिअरने पाठवतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. २०२१ मध्ये चेन्नईत पोलंडहून आलेल्या टपालाच्या एका पार्सलमध्ये छोट्या कुप्यांत १०७ जिवंत कोळी सापडले होते. हा व्यापार असा चालतो.

कोपरी

मला लहानपणापासून कोळ्याची भीती आहे. बाथरूममध्ये दिसला तर छाती धडधडते, हात थंड पडतात, आत जाता येत नाही. "एवढ्याशा जिवाला काय घाबरतेस" असं म्हणून ती जात नाही, हे हसणाऱ्यांनी समजून घ्यावं. माझ्या मुलीने मला कधी जबरदस्ती केली नाही. आधी चित्रं दाखवली, मग खिडकीबाहेरचा उड्या मारणारा छोटा कोळी काचेतून दाखवला. तो वळून माझ्याकडे बघायला लागला. आठ डोळ्यांतले पुढचे दोन मोठे, काळेभोर. मी बोट काचेवर हलवलं तसं त्याने अंग वळवलं. त्या खिडकीपाशी मी आता चहा घेते. बाथरूममधल्या मोठ्या कोळ्यासाठी अजून मुलीलाच हाक मारते.

खारघर, सर्पमित्र

पाळलेल्या अजगराबद्दलची एक गोष्ट मला फार वेळा ऐकवली जाते. तो मालकाशेजारी सरळ लांब झोपतो, कारण गिळण्याआधी माप घेतो. साप माप घेत नाही. बॉल पायथन आफ्रिकेतला, साधारण चार-पाच फुटांचा, उंदरांवर जगणारा बिनविषारी साप आहे आणि घाबरला की डोकं मध्ये घेऊन वेटोळ्याचा गोळा होतो. सरळ पसरलेला साप बहुतेक वेळा ऊब शोधत असतो किंवा नुसता हालचाल करत असतो.

खरी भीती मला दुसरीच वाटते. पारसिकच्या पायथ्याशी, तळोज्याकडे, नवीन बांधकामांच्या राडारोड्यात घोणस निघते. जाड अंग, पाठीवर साखळीसारखे गडद ठिपके. लोक तिला अजगराचं पिल्लू समजतात, आणि मोबाइलवर पाळीव पायथन पाहिलेली मुलं उचलायला जातात. एका साइटवर मी पोचलो तेव्हा एक तरुण कामगार तिला काठीवर घेऊन इतरांना दाखवत होता आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारत होती. घोणस नाग, मण्यार, फुरशाच्या बरोबरीची विषारी आहे. दुसऱ्या बाजूला बिचारं मांडूळ. शेपूट बोथट म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात, गुप्तधन दाखवतो म्हणून लाखोंचे सौदे होतात, आणि ठाणे परिसरात त्याच्या तस्करीत लोक पकडले जातात. तो पूर्ण बिनविषारी आहे, आणि त्याला पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा.

ओळखता येत नसेल तर कुठल्याच सापाला हात लावू नका. लांबून लक्ष ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका, तो अवयव हलवू नका आणि थेट सरकारी रुग्णालयात जा.

वाशी, शाळेतली शिक्षिका

मुलांना येऊरला नेलं होतं तेव्हा वाटेवर दोन झाडांमध्ये मोठ्या वूड स्पायडरचं जाळं होतं. उन्हात त्याचे धागे सोनेरी दिसत होते. मधोमध भलीमोठी मादी, आणि तिच्या वरच्या बाजूला पिटुकला तांबडा नर. मुलांना वाटलं ते तिचं बाळ आहे. सगळे वाकून खालून गेले, एकानेही जाळं तोडलं नाही.

नेरूळ, पशुवैद्य

माझ्याकडे येणाऱ्या इग्वानांचं दुखणं बहुतेक एकच असतं. मालक त्याच्या चाव्याला भितो, विषारी आहे का विचारतो, आणि त्याला भात आणि चिकन घालतो. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे. त्याला पालेभाज्या हव्यात, ऊब हवी आणि यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा, हवा. दिवा नसला की कॅल्शियम हाडांत बसत नाही. जबडा रबरासारखा लवचिक होतो, मागचे पाय लटपटतात. असे प्राणी टेबलावर ठेवल्यावर स्वतःचं अंगही उचलू शकत नाहीत. तो विषारी नाही. मोठा झाल्यावर त्याच्या शेपटीचा फटका मात्र सणसणीत लागतो, आणि तो शेपटीसकट पाच फुटांपर्यंत वाढतो. दुकानात तो वीतभर दिसतो, हे लक्षात ठेवा.

कासवाला कुणी भीत नाही, म्हणून तिथे काळजीही घेतली जात नाही. पैसा येतो म्हणून घरात ठेवलेलं पाठीवर चांदण्यांचं कासव म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग. पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपटही त्याच कायद्यात येतो. दुकानात मिळणारं लाल कानाचं स्लायडर अमेरिकेतलं आहे. त्याच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जिवाणू असू शकतो. अमेरिकेने चार इंचांपेक्षा छोट्या कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्येच बंदी घातली, कारण मुलं ती तोंडात घालत होती. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

कळवा

डॉक्टर, आमच्याकडे स्लायडर आहे. आणलं तेव्हा रुपयाएवढं होतं, आता जेवणाच्या ताटाच्या निम्मं झालंय. डोळे सुजलेत, खात नाही. सासरे म्हणतात उपवनच्या तलावात सोडून देऊ, पुण्य लागेल. काय करू?

नेरूळ, पशुवैद्य

ताई, तलावात अजिबात सोडू नका. स्लायडर वीस-तीस वर्षं जगतं आणि तलावातल्या आपल्या कासवांची जागा आणि खाणं घेतं. सासऱ्यांना माझं नाव सांगून हे समजवा. सुजलेले डोळे बऱ्याचदा जीवनसत्त्व अ कमी पडल्याने होतात, पण इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका, जास्त झालं तर कातडी सोलवटते. दोन दिवसांत सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे आणा. तोवर पाणी रोज बदला, कोरडं बसायला दगड किंवा फळी ठेवा, सकाळचं कोवळं ऊन थेट मिळू द्या, खिडकीच्या काचेतून नको, आणि शेजारी सावली असू द्या. टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका. सांभाळणं खरंच शक्य नसेल तर १९२६ वर विचारा. येताना तुम्ही काय खायला घालता त्या डब्याचा फोटो आणा.