मदत हवी आहे: गर्भधारणेसाठी सेमाग्लुटाइड (भूक आणि वजन कमी करणारं औषध) थांबवल्यावर वजन कसं टिकवायचं?

वय ३४, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३३, पीसीओएस (अंडाशयांशी संबंधित संप्रेरकांचा विकार), पाळी ४०-४५ दिवसांनी. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घटलं तरी बीजनिर्मिती पुष्कळदा सुरळीत होते, म्हणून सेमाग्लुटाइड चालू आहे. खरी अडचण पुढची. हे औषध शरीरात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्याआधी किमान २ महिने ते बंद करावं लागतं, तोवर गर्भनिरोधन सोडायचं नाही. आणि बंद केलं की भूक परत येते, मागोमाग वजन.

या २ महिन्यांसाठी कोणाच्या डॉक्टरांनी काय सुचवलं? मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी), स्नायूंचे व्यायाम, की दोन्ही? ‘कमी खा’ हे उत्तर कृपया नको.

फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी ०.४ऐवजी ५ मिलिग्रॅम दिलं आहे, बीएमआय ३०च्या वर असल्यामुळे.

आणखी एक: गर्भारपणात या बीएमआयला एकूण ५ ते ९ किलो वाढ पुरेशी मानतात. साखरेची चाचणी एरवी २४ ते २८ आठवड्यांत होते. ती पहिल्याच भेटीतही मागून घ्यावी का?