रस्ता अडवल्याशिवाय विदर्भाचे ऐकले जात नाही का?

हिंगणघाट तालुक्यातील शिक्षिका:
माझ्या सासऱ्यांचे आठवड्यातून दोनदा नागपूरला डायलिसिस असते आणि आम्ही एसटीने जातो. गेल्या वर्षी एका चक्का जाममध्ये आमची गाडी जाम गावच्या चौरस्त्याच्या अलीकडे साडेचार तास उभी राहिली आणि शेवटी परत फिरावे लागले. आंदोलकांनी रुग्णवाहिकांना वाट करून दिली, हे मी स्वतः पाहिले. परंतु खेड्यातला रुग्ण बहुधा रुग्णवाहिकेत नसतो. तो एसटीच्या खिडकीशी किंवा काळी-पिवळीत दाटीवाटीने बसलेला असतो आणि त्याच्यासाठी भोंगा वाजत नसल्याने तो कोणाला रुग्ण वाटत नाही. ज्याला सरकारवर दबाव आणायचा आहे, त्याने स्वतःचे काम थांबवावे, स्वतःचा माल रोखावा. दुसऱ्याची वाट अडवू नये, असे माझे ठाम मत आहे.

केळापूर तालुक्यातील कापूस उत्पादक:
मॅडम, तुमच्या सासऱ्यांचे हाल वाचून वाईट वाटले. पण माल रोखण्याचा सल्ला आमच्या कामाचा नाही. १ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला, दूध आणि भाजीपाला शहरांकडे जाणे थांबले आणि त्याच महिन्यात ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. आम्ही पिकवतो कापूस, सोयाबीन आणि तूर. मी कापूस सहा महिने घरात भरून ठेवला, तर मुंबईत कोणाचा सकाळचा चहा अडत नाही. माझ्याच लेकरांच्या अंगाला खाज सुटते आणि सोसायटीचे व्याज वाढते. २०२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये असताना ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ झाले, तेव्हा आम्ही तहसीलदारांना निवेदने दिली. २८ ऑक्टोबरला कर्जमाफीसाठी नागपूरजवळ महामार्ग अडला आणि दोन दिवसांनी, ३० जून २०२६ पूर्वी कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. हा क्रम मी कसा विसरू?

निवृत्त एसटी वाहक, यवतमाळ जिल्हा:
नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या संपात मी होतो. आम्ही कोणाचा रस्ता अडवला नाही, फक्त स्वतःचे काम थांबवले. तरीही ज्या गावांत दिवसातून दोनच फेऱ्या जातात, तिथल्या मुलींची शाळा बुडाली आणि म्हाताऱ्यांचे दवाखाने राहिले. एसटीचे राज्य शासनात विलीनीकरण ही आमची मागणी होती, ते तर मिळालेच नाही. त्यामुळे ताई, तुम्ही केलेला भेद मला पुरेसा वाटत नाही. मात्र भाऊ, तुमचा क्रमही अर्धाच आहे. २९ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन महामार्ग मोकळा करण्याचा आदेश दिला होता, तेही लिहायला हवे होते.

शिक्षिका:
काका, संपाचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही एक फरक उरतो. एसटी बंद आहे हे आम्हाला घरून निघण्यापूर्वी माहीत असे आणि आम्ही शेजाऱ्याची गाडी बघत असू. अडवलेल्या रस्त्यावर माणूस मधेच सापडतो. तिथे पाणी नसते आणि बाईला आडोसाही नसतो. आणि भाऊ, तुम्ही ट्रक आणि खासगी गाड्या अडवाच असे मी म्हणणार नाही, पण निदान एसटी सोडा. तिच्यात बसलेली माणसे तुमच्याच घरची आहेत.

कापूस उत्पादक:
आदेशाचा उल्लेख मी टाळायला नको होता. एसटीबाबत सांगायचे, तर गर्दीत 'ही गाडी सोडा' असे म्हणणाऱ्याचे दुपारनंतर कोणी ऐकत नाही. म्हणून ते आदल्या रात्री गावच्या बैठकीतच ठरले पाहिजे आणि पुढच्या बैठकीत मी तो विषय मांडीन. रस्ता अडवणे चूक होते, असे मात्र मी लिहून देणार नाही.