नियोजित अध्यक्षपदाला दोन उमेदवार, आणि माझं एक मत

तिसरा_तास
आमच्या गणित शिक्षकांच्या संघटनेत नियोजित अध्यक्षपदाची निवडणूक चालू आहे. मतदान ऑनलाइन, मुदत शुक्रवारी रात्री बारापर्यंत. नऊ वर्षं सभासद आहे, वर्गणी वेळेवर भरते, पण मत आजवर दोनदाच दिलंय, तेही ज्याचा फोटो बरा त्याला. (हसा.) या वेळी मनावर घेतलंय, कारण वर्षाला चार अंक काढणाऱ्या आमच्या नियतकालिकाचा गेल्या वर्षी एकच अंक निघाला आणि जाब कुणाला विचारायचा हेच कळेना.

एक उमेदवार बाई आहेत. परिषदेत त्यांचं भाषण असलं की उभं राहायलाही जागा नसते. अपूर्णांक शिकवताना मी कागदाच्या पट्ट्यांचा जो खेळ घेते, तो त्यांच्याच कार्यशाळेतून उचललेला. दुसरे सर सहा वर्षं खजिनदार आहेत. त्यांचा आवाज वर्षातून एकदाच ऐकलाय, वार्षिक सभेत ताळेबंद वाचताना, आणि तेव्हा निम्मं सभागृह बाहेर गप्पा मारत असतं.

दोघांची निवेदनं तीनशे-तीनशे शब्दांची. नावं झाकून नवऱ्याला वाचायला दिली, त्याला दोन्ही एकाच माणसाची वाटली. दोघंही "सर्वांना सोबत घेऊन", दोघंही "तळागाळातल्या शिक्षकापर्यंत", दोघांचाही "तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर". आता मत द्यायचं कशावर?

मागचा_बाक
ज्याला पद नकोय त्याला द्या. विषय संपला.

तिसरा_तास
ज्यांना नको होतं त्यांनी अर्जच भरला नाही हो, तीच तर अडचण आहे.

जुनं_इतिवृत्त
मी एका शिक्षक संघटनेत पाच वर्षं सरचिटणीस होतो आणि दोनदा नामनिर्देशन समितीवर, म्हणजे उमेदवारांची नावं ठरवणाऱ्या समितीवर. निवेदनं बाजूला ठेवा, ती सगळीकडे तशीच असतात.

आधी "नियोजित" या शब्दाकडे बघा. अमेरिकेतल्या गणित शिक्षकांच्या परिषदेत, एनसीटीएममध्ये, एक वर्ष नियोजित अध्यक्ष, मग दोन वर्षं अध्यक्ष, मग एक वर्ष मावळते अध्यक्ष अशी रचना आहे. म्हणजे एका मतात चार वर्षं. इंग्रजी शिक्षकांच्या एनसीटीईमध्ये तर उपाध्यक्षापासून सुरुवात होऊन माणूस पायरी-पायरीने पुढे सरकतो. तुमच्या घटनेत काय आहे ते वाचा. आज निवडलेला माणूस खुर्चीत बसेपर्यंत त्याच्या निवेदनातला निम्मा मजकूर शिळा झालेला असतो.

दुसरं म्हणजे अध्यक्षाच्या हातात खरं काय असतं? भाषण नव्हे. कार्यक्रमपत्रिका ठरवणं, सभा चालवणं आणि समित्यांवर माणसं नेमणं. यातलं शेवटचं सगळ्यात मोठं, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर लिहीत नाही.

माझ्या काळात एक अध्यक्ष होते, वक्ते म्हणून अफाट. विषय क्रमांक १, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे", याला आमच्याकडे चाळीस मिनिटं लागायची, कारण इतिवृत्तातल्या प्रत्येक नावावरून त्यांना एक किस्सा आठवायचा. किस्से खरोखर छान असत, मीही हसायचो. पण नव्या शिक्षकांना वर्गणीत सवलत द्यायचा विषय सातव्या क्रमांकावर होता. तो लागोपाठ तीन सभांत "वेळेअभावी पुढील सभेत" गेला. हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, तिन्ही वेळा. चौथ्या सभेपर्यंत ज्यांनी मागणी केली होती ते सभासदच राहिले नव्हते.

म्हणून खजिनदाराला मत द्या असं मात्र म्हणत नाही. त्या किस्सेवाल्या अध्यक्षांनंतर आलेले अध्यक्ष हिशोबाचे पक्के होते. शिल्लक वाढली, आणि दोन वर्षांत नवीन असं काहीही झालं नाही.

मी एकच गोष्ट तपासतो. उमेदवाराने आधी जे काम सांभाळलं, ते त्याने सोडल्यावर चालू राहिलं का? त्याच्या जागी आलेल्या माणसाला गाठा आणि विचारा की पदभार घेताना हातात काय मिळालं. सभासदांची यादी, छापखान्याचा पत्रव्यवहार, पासवर्ड, की नुसत्या शुभेच्छा? तुमचा अंक कुठे अडला माहीत नाही, पण आमचा अडला होता तो संपादकाच्या खाजगी ईमेलमध्ये. माणूस गेला, लेख गेले.

पडलेली_उमेदवार
वरचं सगळं पटलं, फक्त नामनिर्देशन समितीच्या माणसाने समितीबद्दल काहीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

मी एकदा उभी राहिले आणि पडले. मला विचारलं तेव्हा भारी वाटलं होतं. नंतर कळलं, निवडणूक बिनविरोध दिसू नये म्हणून दुसरं नाव हवं होतं. निवेदनात मी लिहिलं होतं, "दर तीन महिन्यांनी हिशोब सभासदांना पाठवीन." शब्दमर्यादेचं कारण सांगून कार्यालयाने नेमकं तेच वाक्य उडवलं. "सर्वांना सोबत घेऊन" तसंच राहिलं.

तेव्हा कोण उभं आहे याबरोबर ती दोन नावं कुणी काढली हेही बघा. अमेरिकेतली आजची एनईए ही शिक्षक संघटना १८५७ साली फिलाडेल्फियात स्थापन झाली, तेव्हा घटनेत सभासदत्व फक्त "सद्गृहस्थां"ना होतं. १८६६ मध्ये तिथे "व्यक्ती" हा शब्द आला. पण अध्यक्ष पुरुषच होत राहिले, वर्ग बायका सांभाळत असूनही. १९१० च्या बॉस्टनच्या अधिवेशनातसुद्धा नामनिर्देशन समितीने पुरुषाचंच नाव पुढे केलं. ते बाजूला सारून सभेतून नाव आलं एला फ्लॅग यंग यांचं, आणि त्या निवडून आल्या. तेव्हा त्या ६५ वर्षांच्या होत्या आणि आदल्याच वर्षी शिकागोच्या सगळ्या शाळांच्या प्रमुख झाल्या होत्या. म्हणजे पहिली स्त्री अध्यक्ष व्हायला ५३ वर्षं लागली, तीही समितीला डावलून.

सभासदांच्या सह्या गोळा करून तिसरं नाव देता येतं का, हे घटनेत शोधा. या वेळी उपयोग नाही, पुढच्या वेळी होईल.

जुनं_इतिवृत्त
मान्य. समितीवर असताना आम्हीही "दुसरं नाव" शोधलेलं आहे. त्या बाईंना आम्ही खरं कारण सांगितलं नव्हतं.

तिसरा_तास
परत आले. दोघांनाही ईमेल केला. दोनच प्रश्न: तुम्ही सोडलेलं काम आता कोण बघतं, आणि नामनिर्देशन समितीवर कुणाला घ्याल?

बाईंचं उत्तर तासाभरात आलं. लांबलचक, अगदी समोर बसून बोलल्यासारखं. त्यांनी सुरू केलेला अभ्यासगट त्या बाहेर पडल्यावर वर्षभरात बंद पडला. लिहितात, "मी सगळं स्वतःच करत होते, ते माझं चुकलं." समितीवर घ्यायची तीन नावं कळवलीत, तिघंही रोज वर्ग घेणारे. सरांचं उत्तर दोन दिवसांनी, सोबत एक फाइल. पुढच्या खजिनदारासाठी अकरा पानं, आतापासून तयार: कुठली पावती कुठे, लेखापरीक्षकाला कागद कधी द्यायचे, कोण दोनदा आठवण केल्याशिवाय बिलं देत नाही (नावं खोडलेली, पण मी दोन ओळखली). समितीबद्दल मात्र एकच ओळ: "प्रथेप्रमाणे."

त्या एका शब्दावर मी अडले. अकरा पानांचा माणूस, आणि जिथे ठरवायचं तिथे "प्रथेप्रमाणे". मत दिलंय. कुणाला ते लिहीत नाही, पण फोटो बघून नाही दिलं.

आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा घटना उघडली. नामनिर्देशन समितीवर प्रत्यक्ष वर्गावर शिकवणारे किमान दोन सभासद हवेत असं स्पष्ट लिहिलंय. यंदा एकच आहे. संघटनेच्या कार्यालयात लेखी पत्र देऊन आले.

जुनं_इतिवृत्त
पोच घेतलीत ना? सही, तारीख आणि शिक्का. नसेल तर उद्या परत जा.