चर्चा: पगाराला कमाल मर्यादा असताना दुसरी फळी उभी कशी राहते?

रामबागकर:

रविवारी सकाळी इंदूरच्या छप्पन दुकानांवर पोहे खाताना आमच्यात चांगलीच जुंपली. आम्ही सहा-सात जण एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे, नादिष्ट. फेब्रुवारीत एका सोमवारी पहाटे पाचला कुणाच्या तरी घरी जमून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, बघतो. एका मित्राचं म्हणणं असं, की सॅलरी कॅप (पगारखर्चाची कमाल मर्यादा) असली की पैसा दोन-तीन बड्या खेळाडूंवर लावायचा, उरलेल्या जागा कोणीही भरेल. मला ते मुळीच पटलं नाही. तिथल्या गलक्यात नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे मांडतोय.

नवख्यांसाठी थोडक्यात: ३२ संघ. खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा याला १९९४ पासून मर्यादा आहे. तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. एवढ्यात ५३ जणांचा संघ आणि १६ जणांचं प्रॅक्टिस स्क्वाड (सरावापुरते राखीव) बसवायचं. खेळ अंगावर घेण्याचा. सतरा सामने संपेपर्यंत सुरुवातीचे बावीसच्या बावीस (चढाईचे अकरा, बचावाचे अकरा) धडधाकट, असं होतच नाही.

जानेवारी २०२३ मधला फोर्टीनाइनर्स विरुद्ध ईगल्स सामना आठवा. जिंकेल तो सुपर बोलला जाणार. फोर्टीनाइनर्सचा पहिला क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ट्रे लान्स सप्टेंबरातच जायबंदी, दुसरा गारोपोलो डिसेंबरात. तिसरा ब्रॉक पर्डी, ड्राफ्टमधला (दरवर्षी सात फेऱ्यांत होणारी नव्या खेळाडूंची निवड) २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा. त्याने संघ इथवर आणला. त्या दिवशी त्याचं कोपर गेलं. चौथा जॉश जॉन्सन आला, त्याच्या डोक्याला मार बसला. मग त्याच दुखऱ्या हाताने पर्डी परत मैदानात, चेंडू लांब फेकता येत नाही अशा अवस्थेत. ३१-७ ने हरले. बघताना पोटात कालवलं होतं. त्यानंतर लीगने सामन्याच्या दिवशी तिसरा क्वार्टरबॅक तयार ठेवण्याची मुभा दिली.

आता जिंकणाऱ्या ईगल्सकडे बघा. जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा मुलगा. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेल्या या मुलाला त्यांनी २०१८ मध्ये सातव्या फेरीत घेतलं. पहिली दोन वर्षं तो एकाही सामन्यात उतरला नाही. लाइनचे (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या रांगेचे) प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड त्याला शिकवत राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सनी चीफ्सना ४०-२२ असं हरवलं तेव्हा क्वार्टरबॅकच्या डाव्या अंगाला तोच उभा होता. असा खेळाडू घडवायला पैसा फार लागत नाही, वेळ लागतो. आणि कॅप फक्त पैशावर आहे. उलट सेंट्स संघाने आपला क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ याच्या शेवटच्या वर्षांत पुढच्या वर्षांच्या कॅपमधले पैसे आधीच उचलले. तो मार्च २०२१ मध्ये निवृत्त झाला आणि पुढच्या चारही हंगामांत संघ प्लेऑफबाहेर.

आपल्या इंदूरच्याच रजत पाटीदारचं घ्या. २०२२ च्या आयपीएल लिलावात त्याला कोणी घेतलं नाही. जखमी खेळाडूच्या जागी ऐन वेळी बंगळुरूकडे आला आणि एलिमिनेटरमध्ये ५४ चेंडूंत नाबाद ११२. बाकावरचा माणूस म्हणतात तो हा.

सराफा_रात्री_दोन:

दादा, तुमचा जिव्हाळा कळतो, पण करंडक कोणी जिंकले ते बघा ना. रॅम्सनी २०१७ ते २०२३, सलग सात वर्षं, पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही. निवडीचे ते हक्क दुसऱ्या संघांना देऊन बचावपटू रॅम्सी आणला, क्वार्टरबॅक स्टॅफर्ड आणला. नंतरच्या फेऱ्यांचे हक्क देऊन व्हॉन मिलर आणला. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेंगल्सना २३-२० ने हरवून सुपर बोल जिंकले. संधीचं दार वर्ष-दोन वर्षंच उघडं असतं. तेवढ्यात आत शिरायचं सोडून सातव्या फेरीतली पोरं वाढवत बसलो, तर ती तयार होईपर्यंत आपला क्वार्टरबॅक म्हातारा झालेला असतो. आणि मायलाटा एक दिसतो, कारण तो यशस्वी झाला. सातव्या फेरीतले बहुतेक दोन-तीन वर्षांत घरी जातात, त्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत.

रामबागकर:

पुढचा हंगामही सांग की. त्याच रॅम्सचे २०२२ मध्ये ५ विजय, १२ पराभव. लाइनमधले एकामागून एक जखमी झाले, स्टॅफर्ड बसला, कूपर कप हा चेंडू झेलणारा खेळाडू बसला, आणि मागे कोणी नव्हतं.

हिशेबनीस:

मी व्यवसायाने सीए आहे, त्यामुळे तुम्ही दोघं ज्याला पैसा म्हणताय त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. साइनिंग बोनस खेळाडूला लवकर मिळतो, पण कॅपच्या वहीत जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून लिहितात. खेळाडू मध्येच गेला की उरलेला भार संघावर पडतो. तो डेड मनी. ब्रॉन्कोजनी मार्च २०२४ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडलं तेव्हा असे साडेआठ कोटी डॉलर दोन वर्षांत वहीवर घेतले. हे उधळपट्टीचं उदाहरण, मान्य.

पण रामबागकर, पुढचे पैसे आज उचलणं तुम्ही सरसकट चूक ठरवलंत, ते मला मान्य नाही. तुमचे लाडके ईगल्स हेच सगळ्यात जास्त करणाऱ्यांपैकी आहेत. त्यांचे सरव्यवस्थापक हाउई रोझमन करारात अशी नावापुरती वर्षं जोडतात, ज्यात खेळाडू खेळणारच नसतो; बोनस तेवढा पुढे सरकतो. कॅप वाढत असते, त्यामुळे आजचा एक डॉलर चार वर्षांनी वहीत हलका पडतो. २०२३ मध्ये २२ कोटी ४८ लाख, २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख, पुढच्या वर्षी जवळजवळ २८. असं असताना उचल न घेणं हाच तोटा. धोका कुठे दिसला: २०२१ मध्ये करोनामुळे कॅप १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर घसरली, आणि पुढे ढकलून बसलेले संघ अडकले. सेंट्स त्यात होते.

मुद्दा असा, की उचललेला पैसा कोणावर लावता. पंचविशीतल्या, आपणच घडवलेल्या खेळाडूचा करार बाजारभाव चढायच्या आत वाढवलात, तर त्याच उचलीतून दुसरी फळीही टिकते. तिशी ओलांडलेल्याला धरून ठेवायला उचललात, तर सेंट्स होतात.

आणि सराफा, रॅम्सचा तो सुपर बोल गाजवणारा कूपर कप तिसऱ्या फेरीतला होता, ६९ वा. २०२३ मध्ये घेतलेला पुका नकुआ पाचव्या फेरीतला, १७७ वा. पहिली फेरी विकणारा संघ तिसऱ्या ते सातव्या फेरीत डोळ्यांत तेल घालून निवड करत होता. तुझं उदाहरण अर्धं दादांच्याच बाजूचं आहे.

लोकमान्यनगर:

या सगळ्यात ज्याच्या जिवावर ही फळी उभी राहते, त्याचं कोणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. पर्डीने फोर्टीनाइनर्सना फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलपर्यंत नेलं, त्या हंगामात त्याचा मूळ पगार ८ लाख ७० हजार डॉलर होता. ड्राफ्टमधून आलेल्याचा करार चार वर्षांचा, आणि तीन हंगाम पुरे होईपर्यंत त्यात बदलच करता येत नाही. पर्डीला मे २०२५ मध्ये पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी मिळाले, छान झालं. पण ज्याचा गुडघा दुसऱ्याच वर्षी गेला त्याला काय मिळालं? तुम्ही ज्याला संयम म्हणता तो संघाचा. शरीर खेळाडूचं झिजतं.

जुनी_गॅलरी:

अरे रामबागकर, पाटीदारचा दाखला तू चुकीच्या जागी लावलास, आणि इंदूरच्या माणसाने तरी असं करू नये. बंगळुरूने त्याला घडवलं नाही. २०२१ मध्ये चार सामने खेळवून सोडून दिलं होतं. तो तयार झाला मध्य प्रदेशच्या रणजी संघात, चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली. त्याच २०२२ च्या जूनमध्ये मुंबईला हरवून आपण रणजी जिंकलो, अंतिम सामन्यात याचं शतक होतं. घडवण्याचा खर्च एकाने केला, पीक दुसऱ्याने नेलं. एनएफएलचंही तेच की. कॉलेजं पोरं तयार करून देतात.

पैशाला मर्यादाच नसेल तर काय होतं तेही इथेच घडलंय. होळकरांचा संघ! सी. के. नायडू नागपूरचे, इथे आले. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनसुद्धा होळकरकडून खेळला. चार रणजी करंडक आले. माझे वडील ते सामने बघायला जात, ती नावं मी घरात ऐकतच मोठा झालो. पण राजाश्रय गेला आणि १९५४-५५ नंतर त्या नावाचा संघच राहिला नाही.

रामबागकर:

काका, पाटीदारबद्दल तुमचंच बरोबर, दाखला मागे घेतो. ताई, उचलीबद्दलही माझं मत बदललं. सेंट्स आणि ईगल्स एकाच मापाने मोजले, ते चुकलं. लोकमान्यनगर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. निदान पहिल्याच हंगामात चमकलेल्याचा करार दुसऱ्या वर्षी वाढवता यावा, असं मलाही वाटतं.

मूळ मत मात्र कायम आहे. सुपर बोल जिंकल्यावर महिन्याभराने, मार्च २०२५ मध्ये, ईगल्सनी मिल्टन विल्यम्स आणि जॉश स्वेट या बचावातल्या दोघांना जाऊ दिलं. विल्यम्सला पॅट्रियट्सनी चार वर्षांचे १० कोटी ४० लाख कबूल केले. ईगल्स त्या बोलीत उतरले नाहीत, कारण जेलन कार्टर, जॉर्डन डेव्हिस, नोलन स्मिथ आधीच घरात होते.

सराफा_रात्री_दोन:

कार्टर, डेव्हिस, स्मिथ तिघंही पहिल्या फेरीतले, दादा! याला दुसरी फळी कसं म्हणायचं? आणि चीफ्सचं काय? त्यांचा क्वार्टरबॅक माहोम्स, त्याला २०२० मध्ये दहा वर्षांचे ४५ कोटी कबूल केले, आणि २०१९ ते २०२४ या सहा हंगामांत पाच सुपर बोल गाठले. एका माणसाने.

रामबागकर:

त्या पाचातला फेब्रुवारी २०२१ चा घे. माहोम्स तोच, हात तोच. पण दोन्ही टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे खेळाडू), फिशर आणि श्वार्ट्झ, जखमी. त्यांच्या जागी उतरलेल्यांना बुकेनियर्सचा मारा पेलला नाही. माहोम्स अख्खा सामना मागे मागे पळत होता, ३१-९. तो एकटा पुरला असता तर चीफ्सनी पुढच्या काही महिन्यांत अख्खी लाइन नव्याने का बांधली असती? क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत, ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत.

सराफा_रात्री_दोन:

तो सामना मीही पाहिलाय, तुमच्याच शेजारी बसून. ट्रे स्मिथ सहाव्या फेरीचा, हे मान्य. पण त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर पॅट्रियट्सकडून जो थुनीला आणलं, ते पाच वर्षांचे आठ कोटी डॉलर मोजून, आणि ऑर्लँडो ब्राउनसाठी पहिल्या फेरीचा हक्क दिला. त्या लाइनमधला कोण वाढवलेला आणि कोण विकत घेतलेला, ते रविवारी छप्पनवर कागद घेऊन मोजू. ताईंनाही बोलवा.