डोळे बघून बीपी कसं कळतं?

बाबांना चष्म्याचा नंबर काढायला नेलेलं, डॉक्टरांनी थेंब टाकून पडदा बघितला आणि म्हणाले आधी बीपी तपासा. मोजलं तर १७०/१००! दिसायला काहीच त्रास नाही त्यांना, मग कळलं कसं?

उत्तर १: अहो चिरफाड न करता रक्तवाहिन्या थेट दिसतात ती जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की तिथल्या बारीक धमन्या आकसतात, भिंती जाड होतात, आणि धमनी जिथे शिरेला ओलांडते तिथे शीर चेपलेली दिसते, बहुतेक तेच दिसलं असणार. फार वाढलं तर रक्ताचे ठिपके, कापसासारखे पांढरे डाग. याच्या ४ ग्रेड १९३९ पासून चालत आल्यात. सुरुवातीला नजरेवर काहीच परिणाम नसतो, तीच गोची आहे.

उत्तर २: आमच्या आईचा डोळा लालभडक झालेला तेही हेच का?

उत्तर १: नाही हो, ते बाहेरच्या पांढऱ्या भागावरचं रक्त, १-२ आठवड्यात जातं. बीपी मात्र मोजून घ्या.

उत्तर ३: शुगरपण बघा बाबांची, तीही पडदा खराब करते.

धन्यवाद, उद्याच फिजिशियनकडे नेतो, बाबा कुरकुरतायत पण नेतोच.