मेंदूची वाट व्हायरस लावतो का आपलीच इम्युनिटी?

तर्रीवाला:
दिवाळीनंतर माझ्या तीन वर्षांच्या भाचीला हर्पिसचा मेंदूज्वर झाला, धंतोलीत ॲडमिट केलं, २१ दिवस सलाईनमधून ॲसायक्लोविर हे व्हायरसविरोधी औषध, घरी आली आणि आम्ही पेढे वाटून मोकळे. आठवडा गेला नाही तोच पोरगी रात्र-रात्र जागी, जीभ सारखी आतबाहेर, हात असे वळवळायचे की वाटी धरता येईना. आम्हाला वाटलं व्हायरस परत आला. पाठीतलं पाणी तपासलं तर व्हायरसचा पत्ताच नाही, सापडल्या त्या एनएमडीए रिसेप्टरच्या (मेंदूच्या पेशींवरचं, संदेश पकडणारं प्रथिन) ॲंटीबॉडी, म्हणजे तिच्याच शरीराने तिच्याच मेंदूविरुद्ध बनवलेल्या. डॉक्टर म्हणाले, या मेंदूज्वरानंतर चौघांतल्या एकाला असं होतं. इम्युनिटी दाबणारं स्टेरॉइड आणि आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या ॲंटीबॉडी, शिरेतून) दिल्यावर आत्ता कुठे चमचा धरते. माझं म्हणणं, व्हायरस फक्त काडी लावतो, घर आपलीच इम्युनिटी जाळते. आणि इकडे शेजारीण इम्युनिटी वाढवायला गुळवेलीचा काढा घेऊन दारात हजर!

गोरेवाडा४०:
भाची लवकर बरी होवो भाऊ, पण एका केसवरून नियम नका काढू. एसएसपीईचं उदाहरण घ्या, गोवरानंतर काही वर्षांनी होणारा मेंदूचा आजार. लहानपणी गोवर येऊन गेला, पोरगं शाळेत जातंय, सात-आठ वर्षांनी मार्क घसरतात, हातातून वस्तू पडतात, मग झटके. तिथे बदललेला गोवराचा व्हायरस मेंदूत ठाण मांडून असतो, ॲंटीबॉडी ढिगाने असतात पण त्याला हलवू शकत नाहीत. स्टेरॉइडने काय होणार? गोवराची लस वेळेवर, एवढंच हातात. आणि इम्युनिटी दाबायचीच म्हणाल तर एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात इम्युनिटी मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खाते) औषध नॅटालिझुमॅब आठवा, संरक्षक पेशींना मेंदूत शिरू देत नाही, तर काही पेशंटांत झोपलेला जेसी व्हायरस उठला आणि मेंदू पोखरायला लागला. २००५ मध्ये बाजारातून काढलं होतं, नंतर कडक अटी घालून परत आणलं.

तर्रीवाला:
एसएसपीई मान्य. पण एमएसचा विषय तुम्हीच काढला म्हणून, २०२२ चा अमेरिकन सैनिकांचा अभ्यास बघा, एक कोटीवर लोक, ईबीव्हीची (एपस्टाईन-बार व्हायरस) लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट. आता ईबीव्ही तर तुमच्या-माझ्या, जवळपास सगळ्याच मोठ्या माणसांच्या अंगात असतो, मग सगळ्यांना एमएस का नाही?

झणझणीतठेचा:
काहून भांडता बावा. जपानात कागोशिमाकडे एचटीएलव्ही-१ नावाचा व्हायरस हाये, तो अंगात असून शंभरातल्या चारजणाइचेबी पाय आखडत नाही, बाकीचे जन्मभर ठणठणीत. अन् ज्याइले होते, त्याइच्या रक्तात व्हायरसवाल्या पेशी बी जास्त अन् त्याइले मारणाऱ्या इम्युनिटीच्या टी-सेल बी जास्त. आता चोर कोण अन् शिपाई कोण, सांगा. मले तं दोघंबी सामील वाटते.

गोरेवाडा४०:
तेच म्हणतोय, व्हायरस उरलाय का ते आधी बघा, मग स्टेरॉइड. बाय द वे, तुमच्या भाचीला स्टेरॉइडसोबत ॲसायक्लोविर चालू ठेवलं होतं का?

तर्रीवाला:
ते नाही विचारलं राव. सोमवारी दाखवायला न्यायचंय, तेव्हा विचारतो.